एक कोटी परार्ध एकशे दोन

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला उभे राहिलेल्या माणसाने एखाद्या लढाईवर, एखाद्या संतावर किंवा संस्थानावर बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. मी एका संख्येचा इतिहास सांगणार आहे. संख्येला इतिहास कसला, असे कोणी विचारील. सात ही संख्या शिवकाळात सात होती आणि आजही सातच आहे. हे खरेच, परंतु संख्येचा एखादा गुण प्रथम कोणाच्या तरी ध्यानात येतो, कोणी तो मानतो, कोणी हसण्यावारी नेतो, आणि कोणी पुढे केव्हातरी तो सिद्ध करतो. ही सगळी माणसांची हकीकत आहे. तिला सन आहेत, गावे आहेत. आजच्या हकीकतीतले मुख्य गाव नाशिकजवळचे देवळाली, आणि मुख्य माणूस तेथील एक शाळामास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

फळ्यावर मी ती संख्या मांडली आहे.

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

आरंभी एक, मग एकवीस शून्ये, शेवटी एकशे दोन. एकूण पंचवीस अंक. घरी ती कागदावर मांडताना शून्ये मोजण्यात मी दोनदा चुकलो, म्हणून तीन-तीनांचे गट करून लिहिली आहे. हिला नाव काय द्यायचे? आपली रोजची मोजणी कोटीपाशी थांबते, आणि सरकारी अंदाजपत्रकाच्या दिवशी फार तर लाख कोटींपर्यंत जाते. पण आपल्या पूर्वजांजवळ याहून लांब पल्ल्याची नावे होती. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून दहापटीने चढत जाणारी अठरा स्थाने सांगितली आहेत: कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी अशी ती नावे चढतात आणि परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या त्याही पलीकडे, आणखी सात शून्ये वर. सात शून्ये म्हणजे कोटी. तेव्हा हिचे रीतसर नाव ‘एक कोटी परार्ध एकशे दोन’ असे होईल.

भास्कराचार्यांचे नाव खानदेशात घेताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. यादव राजा सिंघणाच्या पदरी हा चांगदेव ज्योतिषी होता. निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले, त्याचा शिलालेख पाटणला सापडला, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. दानाचे वर्ष १२०७. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटचा काही भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी दिलेले दान दगडावर कोरून ठेवणारा हा प्रांत आहे, एवढे आज ध्यानात असू द्यावे. त्या वर्षाकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

आता या पंचवीस अंकी संख्येत विशेष काय? ते सांगण्यासाठी आपण क्षणभर प्रकाशाला जाऊ. शहादे तालुक्यातले प्रकाशे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. तेथे तापी आणि गोमाई यांचा संगम आहे. तापी येते ती बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपासून, बऱ्हाणपूर, भुसावळ असा लांबचा प्रवास करून. गोमाई जवळचीच, सातपुड्यातली. पण संगमाच्या खाली उभे राहून कोणी ओंजळ भरली, तर त्या ओंजळीतले पाणी कोणत्या नदीचे हे सांगता येईल काय? नाही सांगता येणार. त्या पाण्याला दोन उगम आहेत.

कापरेकरांनी संख्यांचे असेच प्रवाह पाहिले. रीत अगदी सोपी, तिसरीतल्या मुलाला जमेल अशी. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १६ घेतली तर १ आणि ६ मिळून ७. म्हणून १६ च्या पुढचा मुक्काम २३. पुन्हा २ आणि ३ मिळून ५, मुक्काम २८. असेच १ पासून निघाले तर प्रवाह असा वाहतो: १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. आता दुसरीकडे ८६ पासून निघा. ८ आणि ६ चौदा, म्हणून १००. शंभरात १ मिळवला की १०१. एक प्रवाह तेरा पायऱ्या चालून आला, दुसरा दोनच पायऱ्यांत आला, आणि १०१ पाशी दोघे मिळाले. येथून पुढे ते एकच. १०१ ही संख्या संगम आहे. तिच्या लगेच मागे दोन संख्या उभ्या आहेत, ९१ आणि १००. त्यांना आपण तिच्या जनक संख्या म्हणू. १०१ च्या आधी असा संगम कोठेही नाही.

८६ च्या मागे कोण, असे आपण विचाराल. कोणीच नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून ८६ येत नाहीत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ याही अशाच आहेत. कापरेकरांनी इंग्रजीत त्यांना ‘सेल्फ नंबर’ म्हटले आणि आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही नाव दिले. मराठीत ‘स्वयंभू’ हा शब्द त्यांना चपखल बसतो. गणितातल्या एखाद्या संख्याप्रकाराला महाराष्ट्रातल्या गावाचे नाव असावे, हे मला तरी फार गोड वाटते. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्याही अशाच, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्थानकाच्या नावाने ओळखल्या जातात. आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला कसली ना कसली करमणूक लागतेच. कोणी पान खातो, कोणी वर्तमानपत्र वाचतो. कापरेकर १११ चा वर्ग करीत.

तर आता प्रश्न असा. १०१ ला दोन जनक आहेत. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? आणि चार जनक असलेली? हा प्रश्न कोणालाही समजतो. पण उत्तर शोधायला बसले की लक्षात येते की शेकड्यांत नाही, हजारांत नाही, लाखांत नाही, अब्जांतही नाही. तीन जनकांची संख्या कापरेकरांना सापडली ती एक शंकू एक. शंकू म्हणजे एकावर तेरा शून्ये. आणि चार जनकांची सापडली ती ही फळ्यावरची, एक कोटी परार्ध एकशे दोन. ती त्यांना १९६१ च्या जूनमध्ये सापडली. शाळेतून निवृत्त व्हायला तेव्हा त्यांना एखादे वर्ष उरले होते.

या गृहस्थांचे चरित्र थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकेच आहे. जन्म डहाणूचा, १९०५ चा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते; त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, आणि कुंडल्या मांडताना करावी लागणारी आकडेमोड मुलाच्या अंगात मुरली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. रँग्लर परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत सर्वांच्या वर आलेले पहिले हिंदी विद्यार्थी. त्या काळच्या महाराष्ट्रात गणित आणि परांजपे ही जवळजवळ एकच गोष्ट होती. कापरेकरांनी मात्र केंब्रिज पाहिले नाही. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, १९३० साली देवळालीच्या शाळेत नोकरी लागली, आणि १९६२ पर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून गणिताच्या शिकवण्या केल्या. १९८६ साली देवळालीतच वारले. एम. ए. नाही, डॉक्टरेट नाही, विद्यापीठात खुर्ची नाही.

या बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी जे शोधले त्यातले ६१७४ सर्वांना ठाऊक आहे. कोणताही चार अंकी आकडा घ्यावा, चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर बरोबर सात पायऱ्या लागतात. रात्री करून पाहा. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. ६१७४ ने त्यांना कीर्ती दिली आणि एका अर्थी नुकसानही केले. ‘जादूचा आकडा सांगणारे मास्तर’ अशी त्यांची ओळख झाली ती कायमची. माझ्या मते त्यांची खरी ताकद पाहायची असेल, तर ती या पंचवीस अंकी संख्येत पाहावी.

का, ते सांगतो. येथे थोडे फळ्याकडे लक्ष द्यावे लागेल. शाळेतल्या बेरजेपलीकडचे त्यात काही नाही.

असे समजा की एक कोटी परार्ध, म्हणजे एकावर चोवीस शून्ये, हा एक घाटमाथा आहे. आपली संख्या माथा ओलांडून जेमतेम १०२ पावले पुढे उभी आहे. तिचे जनक दोन ठिकाणी असू शकतात, माथ्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला.

माथा ओलांडलेल्या संख्या कशा दिसतात? आरंभी एक, मग पुष्कळ शून्ये, शेवटी थोडे अंक. तिच्यात तिचे अंक मिळवायचे म्हणजे त्या शेपटीत शेपटीचे अंक आणि वर आरंभीचा एक मिळवायचा. उत्तराची शेपटी १०२ हवी. आरंभीच्या एकाचा एक वजा केला की उरतात १०१. म्हणजे प्रश्न एवढाच राहतो की, कोणत्या शेपटीत तिचे अंक मिळवून १०१ होतात? हे आपण मघाशीच पाहिले: ९१ आणि १००. झाले, दोन जनक हाती आले.

आता माथ्याच्या अलीकडे या. तेथे सगळीकडे नवांचे रान आहे. माथ्याच्या अगदी एक पाऊल अलीकडची संख्या म्हणजे ओळीने चोवीस नऊ. त्यांची बेरीज २१६. या संख्येतून एखादी लहान संख्या वजा केली तर हातचा कधी घ्यावाच लागत नाही, कारण नवातून कोणताही अंक सुखाने जातो. म्हणून अंकांची बेरीजही तेवढ्याच हिशेबाने कमी होते. आता हिशेब असा बसतो: वजा केलेली लहान संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, या दोन्ही मिळून ११३ झाल्या पाहिजेत. २१६ मधून माथ्यापर्यंतचे एक पाऊल आणि माथ्यापुढची १०२ पावले गेली की ११३ उरतात, त्यावरून हे निघते. आणि ११३ कोणापासून होते? ९७ पासून होते, कारण ९७ मध्ये १६ मिळवले की ११३. आणि १०६ पासूनही होते, कारण १०६ मध्ये ७ मिळवले की ११३. पुन्हा दोन! म्हणजे आणखी दोन जनक. एक संख्या एकवीस नऊ आणि शेवटी ९०२ अशी. दुसरी एकवीस नऊ आणि शेवटी ८९३ अशी. पहिलीच्या अंकांची बेरीज २००, दुसरीची २०९. ९०२ आणि २०० मिळून ११०२. ८९३ आणि २०९ मिळूनही ११०२. हजाराचा हातचा सगळे नऊ ढकलीत थेट माथ्यावर जातो आणि मागे १०२ ठेवतो.

पाहिलेत? चोवीस शून्यांचा तो अवाढव्य डोलारा दोन लहानशा संगमांवर उभा आहे, १०१ आणि ११३.

मग चोवीसच शून्ये का? बावीस किंवा तेवीस का चालू नयेत? याचेही उत्तर हाताशी आहे. माथ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक संगम संख्या लागते, आणि त्या दोघींची बेरीज शून्यांच्या संख्येच्या नऊपटीहून बरोबर दोनाने कमी भरावी लागते. सर्वांत लहान संगम १०१, तेव्हा दोघींची बेरीज निदान २०२ हवी. बावीस शून्यांची नऊपट १९८, त्यातून दोन गेले की १९६, पुरत नाही. तेवीस शून्यांनी २०५ मिळतात. आकडा पुरेसा मोठा आहे, पण विषम आहे. आणि पहिले संगम १०१, १०३, १०५ असे ११७ पर्यंत सगळे विषमच आहेत. पुढचा एकदम २०२ ला येतो. दोन विषम संख्यांची बेरीज विषम कशी व्हावी? म्हणून तेवीसही गेले. चोवीस शून्यांनी २१४ मिळतात, आणि १०१ व ११३ मिळून २१४ होतातच.

तीन जनकांच्या शंकूचीही हीच कथा आहे. तेथे एका बाजूला संगम पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला एकच जनक असलेली संख्या. बारा शून्यांनी १०६ मिळतात. १०१ आणि ५, १०३ आणि ३, १०५ आणि १ अशा जोड्या लावून पाहाव्या तर ५, ३ आणि १ या तिन्ही स्वयंभू, म्हणजे मागे कोणीच नसलेल्या. बारा फुकट गेले. तेरा शून्यांनी ११५ मिळतात. ११५ स्वतःच संगम आहे, ९८ आणि १०७ यांचा. आणि दुसऱ्या बाजूला शून्य, ज्याचा जनक शून्यच. म्हणून एक शंकू एक.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो एका मोठ्या माणसाच्या नावावर आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारे प्रोफेसर हार्डी यांनी १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी उदाहरण दिले आहे ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे. या दोनच चार अंकी संख्या अशा आहेत की उलट्या लिहिल्या असता येणाऱ्या संख्येच्या त्या पूर्ण पटीत असतात. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींचे म्हणणे असे की, वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला हे ठीक आहे, हौशी माणसाचे मन त्यात रमेल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही. हा शेरा कापरेकरांवर नाही. पण कापरेकरांचे काम पाहून नाक मुरडणाऱ्या विद्वानांच्या मनात नेमके हेच असे. शिवाय दुसरी गोष्ट: अंकांची बेरीज ही संख्येची नव्हे, तिच्या लेखनाची गोष्ट आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीने लिहितो. बारा बोटे असती तर १०१ चा संगम दुसरीकडेच कोठेतरी लागला असता.

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मघाशी पाटणच्या शिलालेखाचे वर्ष ध्यानात ठेवा म्हटले होते. १२०७. ११९३ मध्ये तिच्या अंकांचे १४ मिळवा, १२०७ होतात. १२०२ मध्ये ५ मिळवा, पुन्हा १२०७. म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी दान दिले गेले ते वर्ष संगम संख्येचे निघाले! मला हे सापडले तेव्हा आनंद झाला, नाही असे नाही. पण त्याला अर्थ काय? काहीही नाही. असे संगम जागोजाग आहेत. त्यांतला एक एका वर्षावर पडला, इतकेच. कापरेकरांच्या पुस्तिकांतही असल्या निव्वळ मौजेचा भाग आहे. त्यांना संख्यांना नावे ठेवण्याची हौस फार. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या दिसली की तिला ‘हर्षद’ म्हणून मोकळे व्हायचे, असा त्यांचा स्वभाव होता.

परंतु १२०७ आणि फळ्यावरची संख्या यांना मी एका तागडीत घालणार नाही. १२०७ चा संगम कशामुळे झाला, असे विचारले तर मी खांदे उडवीन. चोवीस शून्ये कशामुळे लागली, असे विचारले तर कारण सांगता येते, आणि मघाशी आपण ते सांगितलेही. बावीस का नाही, तेवीस का नाही, हेही सांगता येते. दशमान सोडून दुसरी कोणतीही पद्धत घेतली तरी घाटमाथ्याची ही युक्ती जशीच्या तशी चालते, फक्त नवाच्या जागी दुसरा अंक येतो. पंचवीस अंकी संख्या एकेक तपासत कोणी पोहोचणार नाही. माणसाचे आयुष्य सोडा, यंत्रालाही ते जमायचे नाही. शाळा सुटल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसणारा माणूस तेथे पोहोचतो तो विचाराच्या वाटेने पोहोचतो. हार्डींच्या कसोटीवर हे सर्व उतरेल असे मी म्हणत नाही. कोड्यांच्या सदरात मात्र ते मावत नाही.

तरीही एक उणीव होती, आणि ती लहान नव्हती. आपण पाहिला तो हिशेब एकावर शून्ये अशा सरळ घाटमाथ्याचा. पण डोंगर काय एकच असतो? सातपुड्यात उभे राहून पाहा, एका माथ्यामागे दुसरा, त्याच्या खांद्यावर तिसरा. संख्यांच्या प्रदेशातही प्रत्येक दहापाशी लहान चढ आहे, शंभरापाशी त्याहून मोठा, हजारापाशी आणखी मोठा, आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत. अशा कोठल्या तरी गुंतागुंतीच्या कपारीत, कोटी परार्धाच्या अलीकडेच, चार जनकांची एखादी संख्या दडून बसली असेल तर? अशी नाहीच, हे सिद्ध करायला हवे होते. कापरेकरांनी ते सिद्ध केले नाही. हीच सर्वांत लहान, हे त्यांचे अनुमान होते. गणितात अनुमान आणि सिद्धता यांत तेवढेच अंतर असते जेवढे कोर्टात संशय आणि निकाल यांत.

पुढची हकीकत अशी. कापरेकरांनी १९५९ आणि १९६३ साली या संख्यांवर पुस्तिका काढल्या, त्या देवळालीहून. त्या किती जणांनी वाचल्या असतील देव जाणे. पण १९६६ साली ए. नरसिंग राव यांनी प्रश्न पुढे नेला आणि पाच, सहा, सात, आठ, इतकेच काय सोळा जनक असलेल्याही संख्या बांधून दाखवल्या. तथापि त्या सर्वांत लहान आहेत असा त्यांचाही दावा सिद्ध झालेला नव्हता. मग १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले. गार्डनर स्वतः गणिताचे प्राध्यापक नव्हते. पण त्यांचे सदर जगभरचे गणिती वाचीत. सत्तर वर्षांच्या निवृत्त मास्तरांचे नाव असे साता समुद्रांपलीकडे गेले. आपल्याकडच्या विद्वानांना ते मग तेथून फिरून आलेले दिसले, ही आपली नेहमीची तऱ्हा.

आणि सिद्धता? ती २०२१ साली आली. माक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन या दोघांनी ती केली. स्लोन म्हणजे पूर्णांकांच्या मालिकांचा विश्वकोश रचणारे गृहस्थ; त्या विश्वकोशात देवळालीच्या संख्या फार पूर्वीपासून आहेत. त्यांनी दहाच नव्हे तर कोणत्याही पायावर लिहिलेल्या संख्यांसाठी, हव्या तितक्या जनकांची सर्वांत लहान संख्या काढण्याची रीत दिली. तिच्यात दहाचा पाया आणि चार जनक घालून पाहिले तेव्हा उत्तर आले ते एक कोटी परार्ध एकशे दोन. एकही अंक इकडचा तिकडे नाही. कापरेकरांच्या शोधानंतर साठ वर्षे आणि त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षे लोटली होती. लेखाचे शीर्षकच ‘कापरेकरांच्या संगम संख्यांविषयी’ अशा अर्थाचे आहे.

नरसिंग रावांची पाच जनकांची संख्याही त्याच रीतीने खरी ठरली. ती सांगतो आणि थांबतो. युक्ती तीच: माथ्याच्या पलीकडे १०१ चे दोन जनक घ्यायचे, अलीकडे तीन जनकांची एखादी संख्या घ्यायची. पण तीन जनकांची संख्या शंकूच्या घरातली. येथे जी उपयोगी पडते ती एक शंकू तेरा. मग शून्यांची नऊपट शंकूहून मोठी हवी, म्हणजे शून्येच मुळी शंकूच्या नवव्या भागाइतकी लागणार. हिशेब केला तर माथ्यावर १ १११ १११ १११ १२४ एवढी शून्ये येतात, आणि माथ्याच्या पुढे पुन्हा तीच आपली १०२ पावले. ही संख्या फळ्यावर मांडता येणार नाही. छापायची म्हटले आणि पानावर दोन हजार अंक, खंडात पाचशे पाने असा हिशेब धरला, तर अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा खंड पूर्ण भरतील आणि पुढचा एक सुरू करावा लागेल. पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर आरंभी एक. त्यानंतर शून्ये, शून्ये आणि शून्येच. आणि शेवटच्या त्या अर्धवट खंडाच्या छपन्नाव्या पानावर, मध्याच्या थोडे खाली, १०२.